मराठीतलं 'फोनिक्स' : लेकराला अक्षरं येतात, पण वाचता येत नाही; मग चुकतं कुठं?

भद्रावती : जून महिना आला की तालुक्यात कॉन्व्हेंटच्या जाहिराती लागतात. त्यात 'फोनिक्स पद्धतीने शिक्षण' हा शब्द हमखास असतो. मोबाईलवरही फोनिक्सचे व्हिडिओ भरपूर. कापूस-सोयाबीनच्या पैशातून फी भरणाऱ्या पालकाला वाटते, ही काही तरी इंग्रजीचीच भानगड आहे. प्रत्यक्षात फोनिक्स म्हणजे अक्षराचा आवाज ओळखायचा, आवाज जोडायचे आणि शब्द वाचायचा. ही रीत मराठीला इंग्रजीपेक्षा जास्त लागू पडते, आणि ती घरी फुकटात करता येते.

पाठ म्हणणं म्हणजे वाचणं नाही

बरेच लेकरं पहिलीचा धडा धडाधड म्हणून दाखवतात. पालक खूश होतात. पण चित्र हाताने झाका आणि मधल्याच एका शब्दावर बोट ठेवा. तिथं अडलं, तर लेकराने धडा पाठ केला आहे, वाचलेला नाही.

हा प्रश्न एका गावाचा नाही. 'असर' या देशव्यापी ग्रामीण पाहणीनुसार सरकारी शाळेतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, २०२४ मध्ये २३.४ टक्के. सुधारणा आहे, पण चारातल्या तिघांना अजूनही नीट वाचता येत नाही. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ ला 'निपुण भारत' सुरू केलं, ते याचसाठी. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, आणि हे २०२६-२७ पर्यंत व्हावं, असं त्याचं उद्दिष्ट आहे. तिसरीनंतर इतिहास, भूगोल, गणिताची उदाहरणं सगळं वाचूनच शिकावं लागतं. तिथं मागं पडलेलं पोट्टं पुढं शाळेलाच कंटाळतं.

मराठीत आवाज कसे जोडायचे?

इंग्रजीत २६ अक्षरं आणि आवाज चाळीसच्या वर, त्यामुळे स्पेलिंगचा गोंधळ. मराठीत बहुतेक जसं बोलतो तसंच लिहितो. पण आपण शिकवतो 'क कमळाचा'. लेकरू 'क' दिसला की 'कमळ' म्हणतं. त्याऐवजी नुसता 'क' म्हणा.

सगळी वर्णमाला संपेपर्यंत थांबायची गरज नाही. क, म, ल, न, प, र ही सहा अक्षरं, 'आ' आणि काना एवढ्यावर किती शब्द होतात पाहा : काका, मामा, नाक, कान, पान, लाल, मका, आला. लगेच वाक्य तयार : 'मामा आला. काका, मका पाक. मका लाल.' अर्थ थोडा वाकडा असला तरी चालतो. लेकरू हसतं आणि 'मी वाचलं' म्हणतं. जुन्या गुरुजींचं 'ग म भ न' तरी काय होतं? सारख्या वळणाची अक्षरं आधी घ्यायची.

मराठीत अडचणीच्या जागा ठरलेल्या आहेत. 'कि'ची वेलांटी आधी दिसते, पण तिचा आवाज नंतर येतो. 'चमचा' आणि 'चहा' यांतला 'च' वेगळा. 'र' चार रूपं घेतो : सूर्य, चक्र, ट्रक, तऱ्हा. 'कान' लिहिताना 'न' पूर्ण, बोलताना अर्धा. हे एकेक करून, सावकाश दाखवायचं.

घरची बोली चूक नाही

आपल्याकडे घरी 'पानी' म्हणतात, पुस्तकात 'पाणी' असतं. 'डोळा' कुठं 'डोया' होतो, तर कुठं 'डोरा'. लेकरानं 'पानी' वाचलं तर त्याला शब्द कळला आहे. त्याला हसू नका. 'आपण पानी म्हणतो, पुस्तकात असं लिहितात' एवढं सांगितलं की पुरे. गोंडी बोलणाऱ्या घरात तर शब्दच वेगळे. म्हणूनच गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी शाळा काढली. ओळखीच्या शब्दाचाच आवाज लवकर पकडता येतो.

गोष्ट कशाला हवी?

नुसत्या आवाजाने लेकरू कंटाळतं. गोष्टीत पुढं काय होते, हे कळायला ते वाचतं. जगभर अनेक ख्रिस्ती कुटुंबं बायबलच्या गोष्टींवरूनच मुलांना वाचन शिकवतात. नोहाची नाव, हरवलेलं मेंढरू अशा गोष्टी लहान असतात आणि त्यांत तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात.

महाराष्ट्रात याचं मोठं नाव पंडिता रमाबाई. अमेरिकेत असताना त्या बालवाडीची फ्रोबेल पद्धत शिकल्या आणि मराठी वाचनमालेच्या तयारीला लागल्या. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या आणि शेकडो मुलींना केडगावला घेऊन गेल्या. तेव्हा आपला चांदा जिल्हाही मध्य प्रांतातच होता. कमी शिकलेल्या बायांना समजावं म्हणून त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या वारल्या, अनुवाद १९२४ मध्ये छापून आला. अवघड भाषा वाचणाऱ्याला दाराबाहेर ठेवते, हे त्यांनी ओळखलं होतं.

गोष्ट कोणतीही चालते. बुद्धाची, रामाची, भद्रनागाची, आजीनं सांगितलेल्या वाघाची. लेकराला ती आवडली पाहिजे, एवढंच.

घरी रोज पंधरा मिनिटं

- आधी पाच मिनिटं गोष्ट तोंडी सांगा, घरच्या बोलीत.
- गोष्टीतले तीन-चार सोपे शब्द पाटीवर लिहा. बोट ठेवून आवाज जोडायला लावा : का… न… कान.
- शिकलेल्या अक्षरांचा नवा शब्द द्या, अर्थ नसलेला चालेल : 'लपाक'. तो वाचला, तर जोडणी जमली.
- अंगणवाडीतल्या लहानग्याला अक्षरांची घाई करू नका. 'म पासून काय काय?' हा खेळ पुरे.
- आई-बाबांना वाचता येत नसेल तर मोठी बहीण, शेजारचा पाचवीतला दादा बसवा. ऐकायला मात्र स्वतः बसा.

मोबाईल आवाज ऐकवू शकतो, पण चुकल्यावर थांबून 'पुन्हा म्हण' म्हणायला माणूस लागतो. आज रात्री जेवण झाल्यावर लेकराचं पुस्तक उघडा, चित्र झाका आणि एका शब्दावर बोट ठेवा. ते अडलं तर रागावू नका; उद्यापासून पंधरा मिनिटं काढा.