जुनी सिस्टीम गेली, नोंदी कुठे राहिल्या?

पिशोर, नाचनवेल, चिंचोली लिंबाजी या पट्ट्यातल्या माणसाचं दुखणं बळावलं की त्याची वाट ठरलेली असते. आधी गावातला दवाखाना, मग कन्नड, आणि तिथूनही पुढे पाठवलं तर ‘घाटी’. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय सगळा मराठवाडा याच नावाने ओळखतो. या वाटेवर प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर निघतो, नवा नंबर पडतो. हे नंबर ज्या संगणक प्रणालींत साठतात, त्या काही वर्षांनी जुन्या होतात आणि बदलल्या जातात. त्या बदलाबद्दलचे गैरसमज रुग्णांपुरते नाहीत. डॉक्टर, संचालक, खरेदीच्या फायलीवर सही करणारे अधिकारी, सगळ्यांकडे ते सापडतात.

“नवी सिस्टीम आली की जुना डेटा तिच्यात येतोच”

येत नाही, आणावा लागतो. २०२२ च्या जुलैमध्ये राज्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांमधली ‘एचएमआयएस’ ही प्रणाली बंद झाली. मुंबईच्या जेजेपासून घाटीपर्यंत केसपेपर पुन्हा हाताने लिहिले जाऊ लागले. पुढे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची, म्हणजे एनआयसीची, ‘ई-हॉस्पिटल’ प्रणाली आणण्यात आली. नोंदणीच्या खिडकीवर रांग वाढली हे सगळ्यांना दिसलं. जुन्या नोंदींचं काय, हा प्रश्न मात्र रांगेत उभा राहत नाही, म्हणून तो कुणाला दिसतही नाही.

रुग्णालयाच्या प्रणालीत एकाच रुग्णाची माहिती अनेक तक्त्यांत विखुरलेली असते. नाव एकीकडे, रक्ताचा रिपोर्ट दुसरीकडे, वॉर्ड तिसरीकडे, तोही ‘०७’ अशा संकेतांकाने. हे तुकडे जोडून डॉक्टरला दाखवण्याचं काम सॉफ्टवेअर करतं. ते बंद पडलं आणि कोणत्या संकेतांकाचा अर्थ काय याची यादी हाती नसली, तर सर्व्हर जागेवर असूनही त्यातलं काही वाचता येत नाही. म्हणून कंपनीशी करार करतानाच लिहून घ्यावं लागतं की काम संपताना सगळा डेटा, कुठल्याही सॉफ्टवेअरला उघडता येईल अशा रूपात, संकेतांकांच्या यादीसकट रुग्णालयाला मिळेल. माझ्या मते निविदेतलं सर्वांत महत्त्वाचं कलम हेच. लग्नाच्या बोलणीत काडीमोडाचा विषय काढू नये, हा संकेत इथे पाळला की पुढे महागात पडतं.

मराठीत आणखी एक पेच आहे. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे श्रीलिपी, कृतिदेव, सी-डॅकचे फाँट यांत टंकलेखन चालायचं. पडद्यावर ‘जाधव’ दिसलं, तरी आत साठलेली असायची इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. तो फाँट नसलेल्या संगणकावर नावाच्या जागी तीच उमटते. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार यांच्यापाशी ती अडखळतात, म्हणून माणसाने तपासणं टळत नाही. जिथे नावं रोमनमध्ये भरली गेली, तिथे एकच शेख कुटुंब तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांत सापडतं. वयाचीही तीच गत. जुन्या नोंदीत ‘वय ४५’ असतं आणि नव्या प्रणालीला जन्मतारीख हवी असते. मग ऑपरेटर सरसकट १ जानेवारी टाकून मोकळा होतो आणि अंदाजाने भरलेली तारीख खरी म्हणून वावरू लागते.

गावाजिल्ह्यांच्या नावांचंही पाहा. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं म्हणून २०१५ च्या नोंदीतलं ‘औरंगाबाद’ पुसून नवं नाव घालायचं नसतं. नोंद ज्या दिवशी झाली तशीच राहिली पाहिजे, शोध मात्र दोन्ही नावांनी लागला पाहिजे.

म्हणूनच सगळंच्या सगळं नव्या प्रणालीत ओतणं शहाणपणाचं नाही. चालू उपचारांना लागतं तेवढं तिकडे न्यायचं आणि बाकीचं अर्काइव्हमध्ये, म्हणजे फक्त वाचता येईल पण बदलता येणार नाही अशा अभिलेखात, ठेवायचं. सरकारी कार्यालयांना ही कल्पना परकी नाही. ‘सहा गठ्ठे पद्धती’त अभिलेख कक्षात पाठवायच्या फायलींचा गठ्ठा चालू कामाच्या गठ्ठ्यांपासून वेगळाच बांधतात.

“बॅकअप रोज होतो, मग अर्काइव्ह कशाला?”

दोन्हींची कामं वेगळी आहेत. आज प्रणाली कोसळली तर उद्या ती उभी करण्यासाठी बॅकअप असतो. त्यावर नवे बॅकअप चढत जातात आणि जुने पुसले जातात. अर्काइव्ह असतो तो दहा वर्षांनी एखाद्या रुग्णाचा एक कागद सापडावा म्हणून. शिवाय बॅकअप ज्या सॉफ्टवेअरचा, ते सॉफ्टवेअरच उरलं नाही तर तो उघडायचा कशात?

बॅकअप बिनकामाचा, असा याचा अर्थ मुळीच नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबरहल्ला झाला. पाच सर्व्हरना बाधा पोहोचली आणि सुमारे १.३ टेराबाइट डेटा हल्लेखोरांनी कुलूपबंद केला. कित्येक दिवस देशातल्या या अग्रगण्य रुग्णालयाचं काम कागदावर चाललं. तिथल्या ई-हॉस्पिटल प्रणालीचा डेटा परत मिळाला, कारण एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून सुटला होता. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी, हा जुना नियम त्यासाठीच आहे. त्यातली एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली असावी आणि अधूनमधून उघडून पाहावी. कधीच न उघडलेल्या बॅकअपवर विसंबणं म्हणजे नुसती श्रद्धा.

“आपल्या एवढ्याशा दवाखान्यात हॅकरला काय मिळणार?”

हॅकर दवाखाना निवडत नाही. कुठे दार उघडं आहे हे सॉफ्टवेअर आपोआप चाचपत फिरतं. ग्रीनबोन या जर्मन कंपनीने अशीच चाचपणी केली. एक्स-रे आणि स्कॅन साठवणारे असे सर्व्हर तिला इंटरनेटवर सापडले, ज्यांना साधा पासवर्डही नव्हता. २०२० च्या फेब्रुवारीत आलेल्या तिच्या अहवालात भारतातल्या राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला होता: ३ लाखांहून अधिक नोंदसंच आणि जवळपास ७ कोटी प्रतिमा. तिथे कुणी कुलूप तोडलं नव्हतं, तोडायला कुलूपच नव्हतं.

फुटलेला पासवर्ड बदलता येतो. एचआयव्हीचा किंवा मानसोपचाराचा रिपोर्ट फुटला तर काय बदलणार?

“जुनं ते असुरक्षित, नवं ते सुरक्षित”

हे निम्मंच खरं आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरने ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा ठप्प केली. इंग्लंडमधल्या २३६ पैकी किमान ८० आरोग्य ट्रस्टना त्याची झळ बसली. खापर फुटलं ते विंडोज एक्सपीवर. प्रत्यक्षात बाधित यंत्रांपैकी बहुतेकांवर विंडोज ७ होतं, ज्याला त्या वेळी कंपनीचा आधार होता. दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती, ती बसवली गेली नव्हती, एवढंच. विंडोज १० चाही मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे परवापर्यंत ‘नवे’ म्हणवणारे संगणक आता जुन्यांत जमा झाले. सोनोग्राफी किंवा एक्स-रेच्या यंत्राला जोडलेला जुना संगणक लगेच बदलणं परवडत नसेल, तर तो निदान बाकी नेटवर्कपासून वेगळा ठेवावा आणि त्यात कुणाचाही पेनड्राइव्ह खुपसू देऊ नये.

“तीन वर्षं झाली, आता नोंदी टाकून द्यायला हरकत नाही”

तीन वर्षांचा आकडा हवेतून आलेला नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायला सांगितलं आहे. पण ती किमान मुदत आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची २०१६ ची इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानकं म्हणतात की रुग्ण जिवंत असेपर्यंत त्याच्या नोंदी नष्ट करू नयेत. प्रकरण कोर्टात गेलेलं असेल तर प्रश्नच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार संगणकीय नोंद पुरावा म्हणून देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्याच्या नमुन्यात ‘हॅश’ मागितला आहे. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा. एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो. अर्काइव्ह करतानाच तो काढून ठेवला, तर नोंदीत कुणी हात घातला नाही हे पुढे दाखवता येतं.

दुसरं टोकही चुकीचंच आहे. कारण नसताना सगळं कायमचं साठवून ठेवणं २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला मान्य नाही. वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. काय किती वर्षं ठेवायचं, ही यादी म्हणूनच आधी हवी. सरकारी कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते: ‘अ’ कायमचे, ‘ड’ वर्षभराचे. रुग्णालयाच्या सर्व्हरलाही तसलीच शिस्त लागते.

“डिलीट केलं म्हणजे पुसलं गेलं”

डिलीट किंवा झटपट फॉरमॅट केल्याने पुसली जाते ती बहुधा अनुक्रमणिका. मजकूर डिस्कवर तसाच पडून असतो आणि फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरनेही तो परत काढता येतो. भंगारात दिलेल्या जुन्या संगणकासोबत गावभरच्या सोनोग्राफी जाऊ शकतात त्या अशा. साध्या हार्डडिस्कवर सगळीकडे नवा डेटा लिहून ती पुसावी किंवा सरळ भोकं पाडून निकामी करावी. एसएसडीवर वरून लिहिण्याचा भरवसा नाही, म्हणून तिच्यातला डेटा पहिल्यापासून कूटबद्ध ठेवावा आणि शेवटी किल्ली नष्ट करावी. उरलेलं यंत्र ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राला द्यावं.

“आभा कार्ड काढलं, आता सगळे कागद सरकारकडे आहेत”

आभा हा चौदा आकडी क्रमांक आहे, कपाट नव्हे. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनची रचनाच अशी आहे की नोंदी ज्या त्या रुग्णालयात राहतात आणि रुग्णाच्या संमतीने एकीकडून दुसरीकडे दाखवल्या जातात. रुग्णालयाने जोडलेली नोंदच आभावर दिसते. जुनी प्रणाली बंद पडून तिच्यातल्या नोंदी अडकल्या असतील, तर आभा त्या आणणार कुठून? म्हणून डिस्चार्ज कार्ड आणि रिपोर्टच्या प्रती घरी ठेवायच्या. रुग्णाने मागितल्यावर त्याच्या नोंदींच्या प्रती ७२ तासांच्या आत द्याव्यात, असं २००२ च्या त्याच नियमावलीत आहे. अर्ज लेखी करावा आणि पोच घ्यावी.