बनी तो बनी, नाही तर कुठली परभणी?

सात जर्सी, पाच शहरं आणि तीन वेगवेगळ्या क्लबकडून आयएसएलची ट्रॉफी. मुंबईचा मिडफिल्डर जयेश राणे याचं करिअर म्हणजे ‘जॉब स्विच’चा सॉलिड धडा. पण तुमच्या-माझ्या स्विचमध्ये आणि त्याच्या स्विचमध्ये एक मोठा फरक आहे.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मुंबईहून रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस पकडून बघा. कल्याण मागे पडेपर्यंत जागांची भांडणं मिटतात, डबे उघडतात आणि गप्पांना रंग चढतो.

‘सध्या कुठंय रे?’

‘ऐरोलीला.’

‘पवईला होतास ना?’

‘सोडलं की! दोन वर्षं झाली, अप्रेझलच्या नावानं बोंब.’

पंचविशी-तिशीतल्या या पब्लिकच्या बायोडेटात तीन-चार कंपन्या सहज असतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. का वाटावं? परभणीचा मुलगा घर सोडतानाच एक म्हण खिशात घालून निघतो. ‘बनी तो बनी, नाही तर परभणी!’ जमलं तर जमलं, नाही तर आपलं गाव आहेच. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण मिरवायची. ही दुसरी मात्र जगायची. आजवर किती राजीनामे या एका ओळीच्या जोरावर लिहिले गेले असतील, देव जाणे.

पण समजा, मागे परत जायला परभणीच उरली नाही तर?

हा प्रश्न पडला तो एका फुटबॉलपटूचा बायोडेटा बघताना. नाव जयेश राणे. जन्म मुंबईचा, २० फेब्रुवारी १९९३ चा. खेळायची जागा मिडफिल्ड, म्हणजे मधली फळी. सुनील छेत्रीसारखी त्याची पोस्टर्स कुणाच्या भिंतीवर नसतील. पण भारतीय फुटबॉलच्या दहा-बारा वर्षांत जे जे घडलं, ते बहुतेक सगळं हा गडी आतून बघून आलाय.

वर्षाला दोन नोकऱ्या

सुरुवात घरच्याच मैदानावर झाली, मुंबई एफसी या क्लबकडून. २००७ मध्ये सुरू झालेला हा क्लब आय-लीग खेळायचा, कूपरेजच्या छोट्याशा स्टेडियमवर. पैसा बेताचा, स्टार कुणी नाही. दर मोसमात एकच टार्गेट, तळाला जायचं नाही. प्रशिक्षक होते खालिद जमील, स्वतः एकेकाळचे मिडफिल्डर. हे टार्गेट ते वर्षानुवर्षं पूर्ण करत राहिले.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि चित्रच पालटलं. पहिली तीन वर्षं ही लीग ऑक्टोबर ते डिसेंबर एवढीच चालायची. ती संपली की आय-लीग सुरू. त्यामुळे आय-लीगमधले खेळाडू काही महिन्यांसाठी दुसऱ्या संघाकडून खेळायला जायचे. एका वर्षात दोन बॉस, दोन शहरं, दोन ड्रेसिंग रूम! जयेश गेला चेन्नईयिन एफसीकडे. तिथे बॉस कोण, तर मार्को माटेराझ्झी. हो, तोच! २००६ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये झिदानने ज्याच्या छातीवर डोकं मारलं होतं, तो इटलीचा बचावपटू. मालकांमध्ये अभिषेक बच्चन आणि महेंद्रसिंग धोनी. कूपरेजवरून थेट या झगमगाटात!

२० डिसेंबर २०१५ रोजी फातोर्ड्याला एफसी गोवाविरुद्ध फायनल झाली. शेवटच्या मिनिटांपर्यंत चेन्नईयिन मागे होती, पण जिंकली ३-२ ने. जयेश तेव्हा २२ वर्षांचा होता. पुढच्या मोसमाच्या पहिल्याच सामन्यात, २ ऑक्टोबर २०१६ रोजी, त्याने कोलकात्यात जाऊन यजमानांवर गोल केला. मॅच २-२ अशी सुटली. गंमत अशी, की पुढच्याच वर्षी तो त्याच कोलकात्याच्या जर्सीत दिसणार होता. ‘काल स्पर्धक कंपनीत, आज आमच्याकडे’ हा फंडा आपल्याला ओळखीचा आहे, नाही का?

डोंगरावरचा चमत्कार

पण त्याआधी एक स्टॉप होता, ऐझॉल.

२०१६ मध्ये मुंबई एफसीने खालिद जमील यांना निरोप दिला. त्यांना काम मिळालं ते मिझोरमच्या ऐझॉल एफसीकडे. हा क्लब आदल्या मोसमात आय-लीगमधून खाली घसरला होता आणि गोव्याच्या क्लबांनी अंग काढून घेतल्यामुळे कसाबसा परत आत आला होता. २०१७ च्या जानेवारीत जयेश तिथे पोहोचला. मुंबईकडून खेळलेला बचावपटू आशुतोष मेहताही होता. सोबत सीरियाचा अल अमना, आयव्हरी कोस्टचा कामो, लायबेरियाचा आल्फ्रेड जारियन आणि डोंगरातली भन्नाट पळणारी मिझो पोरं.

यांच्याकडून कुणाला काय अपेक्षा असणार? पण एप्रिलमध्ये ऐझॉलने मोहन बागानला १-० ने हरवलं आणि ३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजोंगशी १-१ बरोबरी साधली. ऐझॉल ३७ गुण, मोहन बागान ३६. ईशान्येकडचा क्लब पहिल्यांदाच देशाचा चॅम्पियन!

जरा आकडे लावून बघा. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या मिझोरमची लोकसंख्या जेमतेम ११ लाख. आपल्या एकट्या परभणी जिल्ह्याची १८ लाखांवर. म्हणजे माणसं कमी म्हणून फुटबॉल नाही, ही सबब इथेच निकालात निघते.

आणि आता याच गोष्टीचा दुसरा भाग. त्याच मोसमात आय-लीगच्या तळाला कोण राहिलं? मुंबई एफसी. क्लब खाली घसरला आणि मग बंदच पडला. तिकडे जयेश चॅम्पियन झाला आणि इकडे त्याचं माहेर पुसलं गेलं.

मागे फिरायला घर कुठंय?

आपण नोकरी बदलतो ती पॅकेजसाठी, बॉसच्या कटकटीला कंटाळून किंवा नुसतं ‘ग्रोथ नाही’ म्हणून. निर्णय बहुतेक वेळा आपला असतो. महाराष्ट्रातल्या फुटबॉलपटूला ही चैन क्वचितच मिळते. एक नजर टाका. १९६२ पासूनचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद. पुण्याचा भारत एफसी २०१४-१५ चा एकच मोसम खेळला. पुणे एफसीचा सीनियर संघही २०१५ नंतर दिसला नाही. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये आय-लीगबाहेर. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीने गाशा गुंडाळला आणि त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. आयएसएलमध्ये महाराष्ट्राचा एकच क्लब उरला, मुंबई सिटी.

म्हणूनच मराठी फुटबॉलपटूंचे पत्ते सतत बदलतात. मुंबईचाच राहुल भेके बघा. ईस्ट बंगाल, केरळ, पुणे करत बंगळुरूला पोहोचला आणि २०१९ च्या फायनलमध्ये जादा वेळेत हेडर मारून त्यांना ट्रॉफी मिळवून दिली. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला. त्यानंतर जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा. तालमींचं, पेठापेठांच्या ईर्ष्येचं, गच्च भरलेल्या शाहू स्टेडियमचं कोल्हापूर! पण तिथल्या पोराला पगारी फुटबॉल खेळायचा तर झारखंड गाठावं लागतं.

जयेशचा पुढचा प्रवासही याच रुळावरून झाला. २०१७ ते २०२० कोलकात्याच्या एटीकेकडे. पहिल्याच मोसमात संघाने तीन बॉस बघितले, आधी टेडी शेरिंगहॅम, मग अ‍ॅश्ली वेस्टवूड, शेवटी रॉबी कीन! नव्या मॅनेजरला आपली किंमत नव्याने पटवून देणं किती जिकिरीचं असतं, हे ऑफिसात बसणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. त्यात मिडफिल्डरचं दुखणं निराळंच. स्ट्रायकरचे गोल मोजतात, गोलकीपरचे बचाव मोजतात. मधल्या फळीतल्या माणसाने योग्य वेळी दिलेला साधा पास, भरून काढलेली मोकळी जागा कुणाच्या एक्सेल शीटमध्ये येत नाही. आणि दर वेळी नव्या संघाची चाल, नव्या सहकाऱ्यांच्या सवयी पहिल्यापासून शिकायच्या. प्रोजेक्ट नवा, डेडलाइन कालची!

१४ मार्च २०२० रोजी एटीकेने चेन्नईयिनला ३-१ ने हरवून आयएसएल जिंकली. कोविडमुळे स्टेडियम रिकामं होतं. त्याच वर्षी एटीके मोहन बागानमध्ये विलीन झाला. जयेशने शहर बदललं नाही, पण जर्सी बदलली. मर्जरनंतर सकाळी ऑफिसला जावं आणि गेटवर पाटीच नवी दिसावी, तसं. पुढच्या वर्षीच्या फायनलमध्ये या नव्या संघाला हरवलं कुणी? मुंबई सिटीने. मग बंगळुरू एफसी. २०२२ मध्ये त्यांनी ड्युरँड कप जिंकला. फायनलमध्ये समोर कोण? पुन्हा मुंबईच!

घरवापसी

२०२३ मध्ये, वयाच्या तिशीत, जयेश राणे मुंबई सिटीत आला. ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मुंबईने मोहन बागानला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर ३-१ ने हरवलं. कॅप्टन होता राहुल भेके. दोन मराठी मुलं गावोगावचं पाणी पिऊन मुंबईच्या जर्सीत एकत्र आली आणि ट्रॉफी घेऊन घरी परतली. क्या बात है!

सिनेमा असता तर इथेच ‘समाप्त’ची पाटी झळकली असती. पण जुलै २०२५ मध्ये लीगच्या हक्कांचा करार रखडला आणि पुढचा मोसम अधांतरी लटकला. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे पगार थांबवले, चेन्नईयिनने कामकाजच थांबवलं. जयेशच्या बायोडेटातली ही दोन नावं. एरवी सप्टेंबरमध्ये सुरू होणारी लीग वर्ष संपलं तरी सुरू नव्हती. आणि डिसेंबरात मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतला आपला हिस्सा सोडला. शेवटचं घरही हललं.

आता तुम्ही म्हणाल, फुटबॉलपटू जगभर फिरतातच की! एकदम मान्य. क्रोएशियाचंच घ्या. लोकसंख्या ३९ लाखांच्या आत, म्हणजे दोन परभणी जिल्ह्यांपेक्षा थोडीशीच जास्त. तरी २०१८ मध्ये वर्ल्ड कपची फायनल, २०२२ मध्ये तिसरा नंबर. त्यांचा मिडफिल्डर लुका मॉड्रिच विशीच्या आत बोस्नियात उसना खेळून आला. मग झाग्रेब, लंडनचा टॉटनहॅम, माद्रिद आणि २०२५ मध्ये चाळिशीच्या उंबरठ्यावर मिलान. पण त्याने मागे सोडलेला दिनामो झाग्रेब आजही जागेवर आहे, नव्या पोरांना घडवून जगभर पाठवतोय. तिथून पोरं बाहेर पडतात ती वर चढायला. आपल्याकडे पायाखालची पायरीच निखळते, म्हणून पुढच्या पायरीवर उडी मारावी लागते.

गुणवत्ता परभणीतही आहेच. इथल्या ज्योती गवतेने २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला नंबर काढला होता. पण धावायला रस्ता पुरतो. फुटबॉलला क्लब लागतो, आणि तो खेळाडूच्या करिअरपेक्षा जास्त वर्षं टिकावा लागतो.

तेव्हा पुढच्या वेळी राजीनाम्याचा मेल टाईप करताना ‘बनी तो बनी’ म्हणाल, तेव्हा क्षणभर थांबा. ही ओळ बोलायची हिंमत आपल्याला येते, कारण मागे देवगिरीचं तिकीट आहे, पहाटेचं परभणी स्टेशन आहे आणि ‘आलास का रे?’ म्हणून विचारणारी आई आहे.

जयेश राणेने हीच ओळ सात वेळा म्हटली. दुसरा अर्धा भाग नसताना.