फडकं अडकलं, की तिथंच काटा!

मुलांनो, सोलापूर जिल्ह्यातल्या नातेपुत्याचं नाव आषाढात पेपरात हमखास येतं. ज्ञानेश्वर माउलींची पालखी तिथं मुक्कामाला असते. पालखीचा रस्ता आता मोठा महामार्ग झालाय. पण वाड्या-वस्त्यांवरून शाळेला यायचं, तर सायकलला आधी कच्ची वाट तुडवावी लागते. खडी, चाकोऱ्या आणि बाभळीचे काटे! नेमकी परीक्षेच्या दिवशीच हवा गेली तर?

पंक्चर काढून आणलं आणि दुसऱ्याच दिवशी चाक पुन्हा बसलं, असं तुमचंही झालं असेल. आपण दुकानदाराला बोल लावतो. खरा चोर असतो टायरमध्ये. काट्याचं मोडलेलं टोक रबरात रुतून राहतं आणि ट्यूबला पुन्हा टोचतं. म्हणून ट्यूब बसवण्याआधी टायरच्या आतून जुनं फडकं फिरवायचं. ते अडकेल तिथंच काटा. (बोट फिरवू नका बरं का, रक्त निघेल!)

ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली, तर मात्र काटा बहुधा निर्दोष! हवा कमी असताना चाक दगडावर आदळलं, की ट्यूब दगड आणि रिम यांच्यात चिमटते. कमी हवेत धक्के कमी बसतात हे खरं. पण चालत घरी यायची तयारी ठेवा.

गंमत म्हणजे, हवेचे टायर एका मुलासाठीच बनले. बेलफास्टचे जनावरांचे डॉक्टर जॉन डनलॉप यांनी ते मुलाच्या तीनचाकीला बसवले आणि १८८८ साली पेटंट घेतलं.

चेनला भरपूर तेल घातलं की झालं, असं वाटतं ना? चूक! जादा तेलाला फुफाटा चिकटतो आणि चेन झिजते. आधी चेन पुसा, कडीकडीवर एकेक थेंब सोडा, पायडल उलटं फिरवा आणि वरचं तेल टिपून घ्या.

पावसाळ्यात मडगार्डमध्ये चिखल थापून चाक जाम होतं. तो काटकीनं काढा. ओली रिम ब्रेक पटकन धरत नाही. महामार्ग लांब दिसला, की तिथूनच ब्रेक दाबायला लागा. आणि आईबाबांनो, खडखडाटानं चाकाचे नट ढिले होतात. आठवड्यातून एकदा तेवढा पान्हा तुम्ही फिरवा.

चाक ‘आऊट’ झालं तर मात्र दुकान गाठा. कारागीर चाक फिरवत, एकेक तार कमी-जास्त ताणत ते कसं सरळ करतात, हे शेजारी उभं राहून बघण्यासारखं असतं.