यांत्रिक सेवकाची किल्ली

वाड्याचा रखवालदार कितीहि इमानी असला, तरी दिंडीची किल्ली परक्याच्या हातीं पडल्यावर त्याच्या इमानाचा कांहीं उपयोग होत नाहीं. संदेश वाचून आपण होऊन उत्तरें देणारे जे 'चॅट बॉट' आज घरोघरच्या फोनवर आढळतात, त्यांच्या बाबतींत तर हें विशेषच खरें आहे.

टेलिग्राम या संदेश-सेवेनें जून २०१५ मध्यें असे बॉट निर्माण करण्याची मुभा सर्वांस दिली. अमुक पुस्तक ग्रंथालयांत आहे काय, दवाखाना किती वाजतां उघडतो, असल्या प्रश्नांना हा सेवक रात्रंदिवस न कंटाळतां उत्तर देतो. परंतु तो अमक्याचाच सेवक, हें टेलिग्रामनें ओळखावें कशावरून? त्यासाठीं 'बॉटफादर' नांवाच्या बॉटकडे नोंद करावी लागते. नोंद होतांच तो एक टोकन देतो: आधीं बॉटचा क्रमांक, मग अपूर्णविराम, आणि पुढें अक्षरें व अंक यांची लांबलचक माळ. माणसाच्या खात्यास परवलीच्या शब्दाचें दुसरें कुलूप घालतां येतें; टोकनाला तशी सोय नाहीं. ज्याच्या हातीं टोकन, तोच धनी. येणारे संदेश तो वाचूं शकतो आणि बॉटच्याच नांवानें उत्तरेंहि पाठवूं शकतो. दवाखान्याच्या बॉटला कोणी आपलें दुखणें कळविलें, तर तें कोणाच्या कानीं जाईल आणि उलट कोणता सल्ला येईल, हें सर्वस्वी त्या एका ओळीवर अवलंबून असतें.

बॉट अखंड चालावयाचा, म्हणून तो घरच्या संगणकावर न ठेवतां हेरोकूसारख्या कंपनीच्या भाड्याच्या सर्व्हरवर ठेवतात. बिऱ्हाड दुसऱ्याच्या घरांत केलें कीं किल्लीची काळजी दुप्पट वाढते. नवशिका मनुष्य टोकन प्रोग्रॅमच्या मजकुरांतच लिहून टाकतो आणि तो प्रोग्रॅम 'गिटहब'वरील खुल्या भांडारांत ठेवतो. हें चोराच्या हातीं जामदारखान्याच्या किल्ल्या देण्यासारखेंच झालें. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनीं २०१९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत गुप्त किल्ल्या उघड्यावर पडलेलीं एक लाखाहून अधिक भांडारें आढळलीं. चूक ध्यानांत आल्यावर ती ओळ नुसती खोडून भागत नाहीं. 'गिट' ही पद्धति प्रत्येक जुनी आवृत्ति जपून ठेवते. आज खोडलेलें कालच्या पानावर वाचतां येतें.

मग किल्ली ठेवावी कोठें? ऑगस्ट केर्कहॉफ्स या डच भाषापंडितानें १८८३ मध्यें लष्करी गुप्तलेखनाविषयीं लिहितांना असें प्रतिपादिलें कीं, सारी योजना शत्रूच्या हातीं पडली तरी बाध येऊं नये. गुप्त राहावी ती केवळ किल्ली. हेरोकूच्या संस्थापकांपैकीं अ‍ॅडम विगिन्स यांनीं २०११ मध्यें प्रोग्रॅमांसाठीं याच धर्तीची कसोटी सांगितली: प्रोग्रॅम या क्षणीं जगापुढें मांडला, तर एखादें गुपित फुटेल काय?

या कसोटीस उतरण्याचा उपाय सोपा आहे. सर्व्हरवर प्रोग्रॅमच्या बाहेर, नांव व मूल्य अशा जोडीनें माहिती ठेवतां येते. तिला 'एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल' म्हणतात. टोकन तेथें ठेवावें आणि प्रोग्रॅममध्यें फक्त त्याचें नांव लिहावें. घरच्या संगणकावर हेंच काम 'डॉट-एन्व्ह' नांवाची फाईल करते. मात्र ही फाईल उचलूं नये अशी सूचना गिटला 'गिटइग्नोर' यादींत पहिल्या दिवशींच द्यावी. प्रयोगासाठीं निराळा बॉट व निराळें टोकन घ्यावें. भाड्याच्या सर्व्हरच्या खात्याला दुहेरी कुलूप असावें, कारण तेथें शिरलेला मनुष्य टोकनहि वाचूं शकतो.

आणखी एक चोरवाट सहसा लक्षांत येत नाहीं. टेलिग्रामला पाठविलेल्या प्रत्येक विनंतीच्या पत्त्यांतच टोकन असतें. कांहीं बिघाड होऊन तो पत्ता सर्व्हरच्या नोंदवहींत जसाच्या तसा उमटला, कीं टोकनहि उमटलें. ती नोंद मदतीसाठीं दुसऱ्यास दाखविण्यापूर्वीं नीट पाहून घ्यावी.

इतकें करूनहि निश्चिंत राहतां येत नाहीं. जानेवारी २०२३ मध्यें सर्कलसीआय या कंपनीवर आपल्या सर्व ग्राहकांना तिच्याकडे ठेवलेल्या किल्ल्या बदलण्यास सांगण्याची पाळी आली. तेव्हां किल्ली जपण्याइतकेंच ती त्वरित बदलतां येणें महत्त्वाचें. बॉटफादरला 'रिव्होक' ही आज्ञा दिली कीं जुनें टोकन निरुपयोगी होतें व नवें मिळतें. तें सर्व्हरवर जुन्याच्या जागीं ठेवलें कीं बॉट पुन्हां कामास लागतो. प्रोग्रॅमच्या एका अक्षरालाहि हात लावावा लागत नाहीं. किल्ली घरापासून निराळी ठेवल्याचें खरें फळ हेंच.

संशय येतांच आधीं कुलूप बदलावें आणि चौकशी मागाहून करावी. चोर कोण होता याचा शोध सावकाश लागला तरी चालेल. परंतु ज्यांनीं विश्वासानें त्या सेवकाला आपली गोष्ट सांगितली, त्यांचें रक्षण मात्र त्याच घटकेला झालें पाहिजे.