ओढू नका, उभे राहा

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. एस. टी. स्थानकावर आमची गाडी फलाटाला लागली आणि नेहमीप्रमाणे झुंबड उडाली. खिडक्यांतून रुमाल व दप्तरे आत पडू लागली. गर्दीच्या कडेला एक आजी काठी टेकून उभ्या होत्या. गर्दी ओसरल्यावर त्या दाराशी आल्या. "चला, आटपा," वाहक म्हणाला. मी दारातच होतो. परोपकाराची संधी दवडू नये म्हणून मी त्यांचा काठीचा हात धरला आणि जोराने वर ओढला. आजी कळवळल्या, काठी चिखलात पडली. "ओढू नकोस रे बाळा," त्या म्हणाल्या, "तू नुसता उभा राहा, मी तुला धरते."

मदत करूनही माझे काय चुकले, हे मला त्या वेळी कळले नाही. पुढे शरीरशास्त्राची एक-दोन पुस्तके चाळली, घरच्या वडीलधाऱ्यांना विचारले, तेव्हा थोडा उलगडा झाला. तोच येथे मांडतो.

उतारवयात गुडघ्यातील कूर्चा झिजते. पायरी चढताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार येतो. उतरताना तर चढण्यापेक्षाही जास्त. म्हणजे पन्नास किलो वजनाच्या आजींच्या झिजलेल्या गुडघ्यावर त्या एका पायरीला दीडशे किलोंचे ओझे पडते! आपण ज्याला 'दोन पायऱ्या' म्हणतो, तो त्यांच्यासाठी हिशेब करून पार करण्याचा घाट असतो. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी; काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. हा क्रम त्यांनी वेदना सोसून बसविलेला असतो. आपण हात ओढला की तो सारा क्रम मोडतो. पाय टेकण्यापूर्वीच अंग पुढे जाते, खांद्याला हिसका बसतो आणि काठीचा आधार नेमका हवा त्या क्षणी सुटतो. हाडे ठिसूळ झालेली असतात. एवढ्याशा पडण्याने खुब्याचे हाड मोडते आणि चालते-फिरते माणूस अंथरुणाला खिळते.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. एस. टी.त ६५ वर्षांवरील प्रवाशांना अर्धे तिकीट आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना प्रवास विनामूल्य झाला. राखीव आसनेही आहेत (त्यांवर कोणाचे रुमाल पडलेले असतात, हे आपण सारे जाणतोच). पण तिकिटाचे पैसे वाचले तरी गाडीत चढण्यास लागणारा अर्धा मिनिट कोणी द्यावयाचा? माझ्या मते खरी टंचाई आहे ती या अर्ध्या मिनिटाची.

रस्ता ओलांडण्याचेच पाहा. पादचाऱ्यांसाठी सिग्नलची वेळ ठरविताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असे धरतात. १८ मीटर रुंदीचा रस्ता त्या गतीने १५ सेकंदांत पार होतो. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजोबांना मात्र साडेबावीस सेकंद लागतील. दिवा बदलतो तेव्हा ते अजून सहा मीटर अलीकडे असतात आणि आपली मोटारसायकल घुरघुरू लागते. हॉर्न वाजविल्याने गुडघा लवकर वाकत नाही. माणूस दचकतो आणि तोल जातो, एवढेच.

मग करावे काय? प्रथम विचारावे, "आजोबा, हात देऊ का?" ते नको म्हणाले तर राग मानू नये, स्वतः चालण्यात त्यांचा मान असतो. हो म्हणाले तर आपले कोपर पुढे करावे आणि त्यांना धरू द्यावे. काठीचा हात मोकळा ठेवावा. ते चढत असता एक पायरी मागे आणि उतरत असता एक पायरी पुढे राहावे. उठविताना काखेत हात घालून उचलू नये.

कंपवात झालेल्या माणसाचे पाय कधी कधी दारात किंवा वळणावर जमिनीला चिकटल्यासारखे होतात. बघणाऱ्याला वाटते, म्हातारा मुद्दाम अडून बसला! अशा वेळी ओढले तर ते हमखास पडण्याचा धोका. थांबावे. फरशीवरची एखादी रेघ दाखवून "ही ओलांडा" म्हणावे किंवा "एक, दोन" असे मोजावे. पुष्कळदा तेवढ्याने पाऊल सुटते.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण सात दिवस खेड्यात जाऊन श्रमदान करतो. ते चांगलेच आहे. परंतु आपल्याच सभागृहाला पाच पायऱ्या आहेत आणि कठडा एकाही बाजूला नाही. यंदाच्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गातील एका मुलीचे आजोबा तिचे नृत्य पाहावयास आले होते. पायऱ्यांपर्यंत आले, वर पाहिले आणि "मला येथूनच गाणे ऐकू येते," असे म्हणून बाहेर कट्ट्यावर बसून राहिले. आत आम्ही टाळ्या वाजवीत होतो. तेथे लोखंडी दांडा बसवावा, असा त्रेसष्ट विद्यार्थ्यांच्या सह्यांचा अर्ज आम्ही कार्यालयात दिला आहे. प्राध्यापकांपैकी कोणास त्यावर सही करावयाची असल्यास अर्जाची प्रत ग्रंथालयात ठेवली आहे.