पाद, पाव आणि कालु : के. आर. पुरमच्या भाजीबाजारातील मराठी

बंगळूर आणि मराठी यांच्या संबंधाचा विचार करताना अभ्यासकाची दृष्टी प्रथम शहाजीराजांच्या दरबाराकडे वळते. 1638 मध्ये विजापूरच्या सैन्याने बंगळूर जिंकले. पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या आश्रयास असलेल्या जयराम पिंड्ये याने रचलेला ‘राधामाधवविलासचंपू’ वि. का. राजवाडे यांनी 1922 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात अनेक भाषांतील रचना एकत्र आढळतात. दरबारातील हा बहुभाषिकपणा कौतुकाचा विषय होता. बाजारातील बहुभाषिकपणा मात्र गरजेपोटी जन्मतो आणि त्याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. वस्तुतः दोन भाषांच्या शेजाराचे स्वरूप जाणून घेण्यास तो अधिक उपयोगी आहे.

कृष्णराजपुरम, म्हणजेच नित्य व्यवहारातील के. आर. पुरम, हे बंगळूरच्या पूर्वेकडील उपनगर होय. जुना मद्रास रस्ता येथूनच होसकोटेमार्गे कोलारकडे जातो. जवळच 1948 मध्ये स्थापन झालेला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा कारखाना आणि पलीकडे व्हाइटफील्डचे संगणक-उद्योग यांमुळे येथे परप्रांतीय कुटुंबे वसत गेली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. येथील भाजीबाजारात कन्नडबरोबर तेलुगू आणि तमिळही ऐकू येते. पुण्याहून किंवा नाशिकहून नव्याने आलेल्या गृहिणीला मात्र या गर्दीत एक हाक ओळखीची वाटते. भाजीवाला तिला ‘अक्का’ म्हणतो. थोरल्या बहिणीसाठी मराठी घरांतही हाच शब्द आहे.

पाट्यांतील भाज्यांची नावे तिच्यापुढे तीन रूपांत येतात. काही नावे सहज उमगतात. ‘कोत्तंबरी’ म्हणजे कोथिंबीर. दोहोंचे मूळ संस्कृत ‘कुस्तुंबुरु’ या शब्दाकडे जाते. ‘पडवलकायि’, ‘बेंडेकायि’ आणि ‘मेंत्य’ यांचा अर्थ सांगावा लागत नाही. दुसरा गट सर्वस्वी परका असतो. शेवगा येथे ‘नुग्गेकायि’ होतो आणि शेपू ‘सब्बसिगे’. मात्र ‘कायि’ म्हणजे कोवळे फळ किंवा शेंग आणि ‘सोप्पु’ म्हणजे पालेभाजी, एवढे कळले की अर्धा बाजार वाचता येऊ लागतो. तिसरा गट फसवा आहे. ‘चवळीकायि’ या नावाने येथे हाती पडते ती गवार. शब्द ओळखीचा असला म्हणजे वस्तूही ओळखीची असेलच असे नाही, हा भाषांतरविद्येतील जुना धडा भाजीच्या पिशवीतून घरी येतो.

थंडीच्या दिवसांत बाजार ‘अवरेकायि’ने भरतो. पावटा आणि वाल ही तिची जवळची मराठी नावे. दाणे भिजवून, चिमटीत दाबून सालातून बाहेर काढले की त्यांना ‘हितकिद अवरे’ म्हणतात. मोड आलेले वाल सोलून बिरडे करणाऱ्या हातांना ही क्रिया नवी नाही. येथे नाव परके, पण हाताची सवय घरचीच.

तथापि सर्वांत उद्बोधक शब्द भाजीचा नसून मापाचा आहे. ती ‘पाव किलो’ मागते. कन्नड विक्रेता ‘कालु केजी’ म्हणतो. मराठी ‘पाव’ संस्कृत ‘पाद’ शब्दापासून आला. पाद म्हणजे पाय आणि चौथा हिस्साही. कन्नडमध्येही ‘कालु’ म्हणजे पाय आणि ‘कालु’ म्हणजेच पाव हिस्सा. दोन भिन्न कुळांतील भाषा चतुर्थांशाकडे चार पायांच्या एकाच कल्पनेतून पाहतात. विक्रेता तेलुगू असेल तर गंमत आणखी वाढते. कारण तेलुगूत प्रचलित शब्द ‘पावु’ असाच आहे. पुढील पायरीवर मात्र वाटा वेगळ्या होतात. मराठी ‘पाऊण’ म्हणजे ‘पादोन’, पूर्णाला एक पाद उणा. कन्नड ‘मुक्कालु’ म्हणजे तीन पाद. एक भाषा उणे मोजते, दुसरी जमेचे मोजते. ‘दीड’साठी कन्नडमध्ये ‘ओंदूवरे’, म्हणजे एक आणि अर्धा, असा सरळ हिशेब असतो. मराठी ‘दीड’च्या मुळाशी दुसऱ्याचा अर्धा भाग ही जुनी कल्पना आहे.

या व्यवहाराचे महत्त्व कुपवाडच्या उदाहरणाने स्पष्ट होते. सांगली जिल्ह्यातील या गावी मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारे लोक शतकानुशतके शेजारी नांदले. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले की तेथे प्रत्येक समाजाने आपले शब्द राखले, परंतु वाक्यरचना इतकी जवळ आली की एका भाषेतील वाक्य दुसरीत शब्दाला शब्द ठेवून सांगता येते. के. आर. पुरममध्ये याच्या उलट घडते. नवागताचे वाक्य मराठी वळणाचेच राहते. प्रथम सीमा ओलांडतात ती नामे आणि मापे. कुपवाडचे साम्य पिढ्यांच्या सहवासाचे फळ आहे. भाजीबाजारातील देवघेव त्याची पहिली पायरी म्हणता येईल.

ही पायरी आता झिजू लागली आहे. हिंदीत भागते म्हणून अनेकजण कन्नड शिकत नाहीत. भाजी फोनवरून मागविली तर बोलण्याचीही गरज उरत नाही. तेथे पाकिटावर ‘250 ग्रॅम’ छापलेले असते. त्यात पावही नसतो आणि कालुही नसतो. कन्नड ‘तुप्प’ आणि मराठी ‘तूप’ यांचे नाते आज आपण सांगू शकतो ते कधी काळी कोणीतरी दुसऱ्याच्या भाषेत तूप मागितले म्हणून. परप्रांतात गेलेल्या पहिल्या पिढीने बाजारात शिकलेले शब्द, त्यांत झालेल्या चुकांसह, टिपून ठेवणे हे म्हणूनच तुलनात्मक अभ्यासाचे एक निकडीचे काम होय. ते शब्द ज्यांच्या तोंडी आहेत ती माणसे आज सकाळीही पिशवी घेऊन बाजारात गेली असतील.