किती वाचलं, किती उरलं?

मोबाइलवर मोठा मजकूर वाचताना उजव्या कडेला एक बारीक रेघ उमटते आणि लगेच विरून जाते. तिला स्क्रोल इंडिकेटर म्हणतात. तिच्या लांबीवरून कळतं की एकूण मजकुराचा केवढा भाग पडद्यावर आहे. जागेवरून कळतं की आपण कुठवर आलो.

न्यायदर्शनात एक जुना वाद आहे. झाडाची एकच बाजू दिसते, मग 'झाड पाहिलं' असं कसं म्हणायचं? पूर्वपक्ष म्हणतो, हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान आहे. नैयायिकांना ते मान्य नाही. झाडाचं काहीही असो, मोबाइलमधल्या ग्रंथाचं मात्र आपण अनुमानच करतो. धुरावरून अग्नी, तसा रेघेवरून ग्रंथ. म्हणून ती रेघ खरी हवी.

आपल्या जवळचं उदाहरण घेऊ. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पोथी वाचताना उरलेल्या पानांचा गठ्ठा समोर असतो. तोच ग्रंथ ॲपमध्ये सलग ठेवला, तर ओव्या सुमारे नऊ हजार आणि पडद्यावर मावतात पाच-सहा. हिशेबाने रेघ दिसेनाशीच व्हावी. म्हणून फोन तिला किमान लांबी देतो. म्हणजे लांबी आता खरं सांगत नाही, फक्त जागा सांगते.

आयफोनच्या तयार रेघेत फारसे बदल करता येत नाहीत: गडद की फिकट, आणि कडेपासूनचं अंतर. अँड्रॉइडवर रंग, जाडी बदलता येते, विरणंही थांबवता येतं. याहून वेगळं हवं, तर तयार रेघ लपवून स्वतःची काढायची. सूत्र सोपं आहे: एकूण उंचीतून पडद्याची उंची वजा करा आणि सरकलेल्या अंतराला त्या संख्येने भागा. उत्तर शून्य म्हणजे आरंभ, एक म्हणजे शेवट.

पण नुसता रंग बदलून काय साधणार? रेघेशेजारी 'अध्याय १२, ओवी ४०' असं लिहा. अध्यायांच्या खुणा सारख्या अंतरावर नकोत. बारावा अडीचशेच्या आसपास ओव्यांचा, अठरावा अठराशेंहून मोठा. वयस्कर डोळ्यांसाठी रेघ विरू देऊ नका, आणि ती बोटाने धरता येईल एवढी रुंद ठेवा.

न संपणाऱ्या बातम्यांच्या ॲपमध्ये काय होतं? तळाशी पोचलो, की नवा मजकूर येतो आणि रेघ वर उडी मारते. तर्काच्या भाषेत हा व्यभिचारी हेतू. किती उरलं हे कळलं, तरच कुठे थांबायचं हे वाचणारा ठरवू शकतो. तो निर्णय त्याच्याच हाती राहायला हवा.